चौथा टाका तिरका

माझ्या गळ्याचं माप साडेपंधरा आहे, ही गोष्ट एके काळी वाटूर फाट्यावर माझ्या नावापेक्षा जास्त लोकांना माहीत होती. माझ्या कृषी सेवा केंद्राच्या भिंतीला भिंत लावून एका टेलरचं दुकान होतं आणि तिथले मास्टर माणसाला नावानं हाक मारत नसत. गळ्याच्या मापानं मारत. "ए साडेपंधरा! तुह्या दुकानात गिऱ्हाईक उभं हाय, अन् तू मोबाईलात तोंड घालून बसून राह्यलास!" हे सगळा फाटा ऐकायचा. समोरचे हॉटेलवाले आप्पा सतरा होते. तलाठी चौदा. त्या तलाठ्यांविषयी मास्टरांचं मत कायमचं वाईट. "चौदाच्या गळ्याचा माणूस. ह्याच्या सहीला काय वजन असणार?" असं ते अगदी गंभीरपणे विचारायचे.

मी मूळचा पिंपळगाव रेणुकाईचा. दुकान टाकायला म्हणून आई आणि बायकोला घेऊन वाटूरला आलो, तेव्हा पहिला शर्ट त्यांच्याकडे टाकला. त्यांनी टेप स्वतःच्या गळ्यात तशीच लोंबू दिली, दोन बोटं माझ्या कॉलरीत घातली, डोळे मिटले आणि म्हणाले, "साडेपंधरा. डावा खांदा उतरलाय. पिशवी उजव्या हातात धरीत जा." वहीत काही लिहिलं नाही. त्यानंतर सहा वर्षं मी त्यांच्याकडे कपडे शिवले, पण त्यांनी मला पुन्हा मोजलं नाही. मध्ये माझं पोट सुटलं तेही त्यांनी अंदाजानंच शर्टात सामावून घेतलं.

कपडा मात्र ते कधीच ठरल्या दिवशी देत नसत. एक दिवस उशिरा. शर्ट शिवून, इस्त्री करून खुंटीला लटकलेला आपल्याला दिसतोय, तरी "उद्या या." मी एकदा भांडलो. तर म्हणाले, "वेळेवर दिलं की लोक पुढच्या बारीला आदल्या दिवशी येतेत. लोकाला वळण लागलं पाहिजे."

मास्टरांना व्यसनं दोनच, चहा आणि खून. खून अर्थातच टीव्हीवरचे. पायमशीनच्या वर फळीवर एक जुना, पाठीला पोक आलेला टीव्ही होता आणि खुनाची, तपासाची, पोलिसांची जी कोणती मालिका लागेल ती ते बघायचे. पण रात्री नाही. "रात्रीच्या उजेडात कापड कळत न्हाई," हे कारण. रविवारी रात्री नवा भाग लागायचा आणि सोमवारी दुपारी तो परत दाखवायचे. मास्टर दुपारचा बघायचे. आम्ही बाकीच्यांनी आदल्या रात्री घरी बायकापोरांसोबत पाहिलेला असायचा, तरी सोमवारी बारा वाजले की मी, आप्पा आणि फाट्यावरची आणखी चार-पाच रिकामी डोकी मास्टरांच्या बाकावर जाऊन बसायची. बघायला नाही, मास्टरांना ऐकायला. नियम एकच होता. ज्यानं रात्री बघितलंय त्यानं ओठ शिवून बसायचं. जो बोलला तो बाहेरच्या पायरीवर. मी तीनदा पायरीवर बसलोय. एकदा तर मी शब्दही बोललो नव्हतो, नुसता "अरारा" म्हणालो होतो.

"अरारा म्हंजे ती मरती," मास्टर म्हणाले. "जाय भाईर."

खुनी ओळखायची त्यांची रीत अशी, की ते कुणाच्या तोंडाकडे बघतच नसत. "तोंडाकडं काय बघायचं? तोंडाचे तर त्याला पैशे भेटतेत. अंगाकडं बघ." पात्रांची नावंही त्यांना ठाऊक नसायची. हा पट्टेवाला, ती जरीकाठ, तो बिनइस्त्रीचा. एका सोमवारी एक साधासुधा, हसतमुख भाडेकरू घरमालकाशी गप्पा मारत होता. मास्टरांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. "हा मेला."

"कोण?" आप्पा म्हणाले. "अहो मास्टर, तो तर चहा पिऊन राह्यला."

"पिऊ द्या, शेवटचा हाय. मघाशी त्याच्या खिशाच्या चौकड्या छातीच्या चौकड्याला बराबर जुळत होत्या. आता न्हाई जुळत. म्हंजे शर्ट दोन हायेत. एका माणसाला सारखे दोन शर्ट कशापायी लागतेत? एक रक्तात भिजवायला."

जाहिरातीनंतर भाडेकरू जिन्याखाली पडलेला होता, चौकडीच्या शर्टात. आप्पांनी त्या दिवशी चहा फुकट पाजला.

ही विद्या शिकायचा मी फार प्रयत्न केला. एका मालिकेत मी छातीठोकपणे सांगितलं की खुनी काका, कारण काकाच्या कोटाची बाही दोन बोटं लांब आहे, तो हातात काहीतरी लपवतोय. पुढच्या पाच मिनिटांत काकाचाच गळा चिरला गेला. मास्टर माझ्याकडे न बघता सुईत दोरा ओवत म्हणाले, "साडेपंधरा, तू बियाणं वीक."

"कापूस खोटं बोलत न्हाई," असं ते म्हणायचे. "टेरीकॉट बोलतंय."

आता त्यांच्या लेबलाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पांढऱ्या पट्टीवर लाल अक्षरांत त्यांचं नाव, खाली 'वाटूर फाटा'. प्रत्येक शर्टाच्या कॉलरीच्या आत ते लेबल ते स्वतः हातानं लावायचे. काज-बटण बाहेर एका बाईंकडे जायचं, लेबल नाही. चार कोपऱ्यांना चार टाके. तीन सरळ आणि चौथा तिरका, कारण तिथं दोरा संपवून ते दातानं तोडायचे. "लेबल म्हंजे माही सही. ज्यात लेबल न्हाई तो शर्ट माहा न्हाई." कुणावर रागावले, तर त्याला शर्ट शिवून द्यायचे पण बिनलेबलाचा. फाट्यावर लोक हॉटेलात बसल्या बसल्या एकमेकांची कॉलर उलटून बघायचे.

कापड मात्र ते कधी जाळत नसत. चिंधीसुद्धा नाही. "अंगाला लागणारी चीज हाय, आगीत घालू नाही." सगळं कातरण ते पोत्यात भरून ठेवायचे आणि गोधड्या शिवणाऱ्या एका आक्कांना देऊन टाकायचे.

मी वाटूरला आलो तेव्हाच त्यांचं काम कमी व्हायला लागलं होतं. पोरं जालन्याहून तयार कपडे आणायची आणि मास्टरांकडे फक्त उंची कमी करायला टाकायची. दुसऱ्याच्या शिवणीवर कात्री चालवताना मास्टर तोंड कडू करून बसायचे. लेबलांचा गठ्ठा कपाटात होता तेवढाच राहिला होता. उंची कमी केलेल्या पँटीला लेबल लावता येत नाही.

अशात एका दुपारी आप्पांच्या हॉटेलापुढे दोन टेम्पो आणि एक मोठी गाडी चहाला थांबली. शहागडला गोदावरीच्या काठी एका नव्या मालिकेचं शूटिंग होणार होतं, तिकडे निघालेली मंडळी. त्यातला एक गृहस्थ टेम्पोतून उडी मारून उतरला आणि त्याची पँट मागून शिवणीत टर्रकन गेली. आप्पांनी त्याला गिऱ्हाइकाचा टॉवेल गुंडाळून मास्टरांकडे पोचवलं. तो निघाला कपडेपटाचा मुख्य.

"कुणी शिवली ही?" मास्टरांनी पँट उलटी करत विचारलं.

"ब्रँडेड आहे, काका."

"ब्रँडेड म्हंजे कोण? नाव सांगा त्याचं. दोन शब्द सुनावतो."

वीस मिनिटं तो साहेब टॉवेलवर बसून शिवणीचं व्याख्यान ऐकत होता आणि मी दारात उभं राहून त्याचा फोटो काढावा का या विचारात होतो. नाही काढला. आयुष्यात मी वेळेवर दाखवलेली ती एकमेव अक्कल.

तीन दिवसांनी तोच साहेब एक ठाण घेऊन परत आला. त्यांचा टेलर आजारी पडला होता. त्यानंतर मास्टरांचं शटर दोन दिवस अर्धं खाली होतं आणि आतून मशीनचा आवाज येत होता. आम्हाला वाटलं कुणाचं लगीन काढलं. तिसऱ्या दिवशी साहेब गठ्ठा घेऊन गेला आणि मास्टर बाहेर येऊन ओट्यावर उभे राहिले. मी त्यांना एवढं ताठ उभं राह्यलेलं कधी बघितलं नव्हतं.

"काय शिवलं, मास्टर?" आप्पांनी विचारलं.

"ते सांगायचं न्हाई. जबान देल्ती."

"आमालाबी न्हाई?"

"तुम्हाला तर बिलकुल न्हाई. पण शेवटच्या भागात, पाट्या सरकत्यात न्हाई का खालून वर, त्यात माहं नाव येणार हाये."

काय शिवलं हे त्यांनी पोटात ठेवलं, पण नाव येणार हे सांगायला एकही माणूस सोडला नाही. परतूरला दिलेल्या लेकीला सांगितलं, लेकीच्या सासूला सांगितलं, भावकीत सांगितलं, लातूरला बदलून गेलेल्या जुन्या पोस्टमनला फोन करून सांगितलं. चाळीस वर्षं त्यांचं नाव लोकांच्या मानेमागं, कुणाला न दिसेल असं राहिलं होतं. ते एकदा समोर येणार होतं. हे त्यांनी असं म्हटलं नाही. मीच म्हणतोय. त्यांनी फक्त टीव्हीची काच खळीच्या पाण्यानं पुसून घेतली.

इकडे जिल्हाभर त्या मालिकेचं खूळ लागलं. शूटिंग बघायला माणसं जीप भरभरून शहागडला गेली. मीही दुकान बंद ठेवून गेलो. दिवसभर उन्हात उभा राहिलो, दोरीच्या पलीकडे लांबवर पाठमोरा कुणीतरी दिसला, आणि संध्याकाळी ज्या दाढीवाल्या कलाकाराबरोबर मी खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला तो जनरेटरवाला निघाला. तो फोटो अजून आहे. जनरेटरवाला फार छान हसलाय.

मालिका काळीकुट्ट होती एवढं मात्र सगळ्यांना कळलं होतं. नदीकाठचं गाव, एकामागून एक वर येणारी प्रेतं, कुणावर विश्वास ठेवावा कळू नये असं प्रकरण. आम्ही तिला नुसतं 'नदीवाली' म्हणायचो. ती दसऱ्यानंतर लागणार होती आणि घटस्थापनेच्या चार दिवस आधी तिची दीड मिनिटाची झलक आली. मी मोबाईलवर 'खुनी कोण' नावाचा गट काढला. त्यात पहिल्याच दिवशी शंभरावर माणसं आली. कुणी म्हणे नावाडी, कुणी म्हणे सरपंचाची भावजय, कुणी म्हणे कंपाउंडर. आप्पा म्हणाले फौजदारच. आप्पांचा प्रत्येक मालिकेत फौजदारावरच संशय असायचा, त्याला त्यांचं हॉटेल आणि फौजदार यांचा काही जुना इतिहास कारण होता.

मास्टरांना सगळे विचारायचे. ते म्हणायचे, "तुमचा शर्ट झालाय, घेऊन जा." शर्ट झाला नसला तरी.

आमच्या घरी घटस्थापनेच्या आधी झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं धुतात. आई त्या बाबतीत कडक. त्या दिवशी सकाळी गच्चीवर कठड्याला ओळीनं गोधड्या वाळत घातल्या होत्या आणि मी एका बाजूला उभा राहून ती झलक चौदाव्यांदा बघत होतो. कंपाउंडर नदीकाठी उभा. बाटलीच्या हिरव्या रंगाचा चौकडी शर्ट, त्यात बारीक पिवळी रेघ. मी मान वर केली तर समोर कठड्यावर बाटलीचा हिरवा रंग, चौकडी, बारीक पिवळी रेघ. एक नाही, नवी-कोरी आठ-दहा ठिगळं.

"आई, ही गोधडी कुठली?"

"आक्काकडली. उन्हाळ्यात घेतली न्हाई का. हात नको लावू, वल्ली हाये."

माझ्या डोक्यात मास्टरांचीच विद्या फिरायला लागली. एका शर्टाचं एवढं कातरण निघत नाही. म्हणजे शर्ट बरेच. एका माणसाला सारखे शर्ट बरेच कशापायी? रक्तात भिजवायला. आणि एवढ्या वेळा रक्तात कोण भिजतो? मेलेला एकदाच भिजतो. वारंवार भिजतो तो मारणारा. आयुष्यात प्रथमच मी खुनी ओळखला होता, तोही मालिका सुरू व्हायच्या आधी.

मी गोधडीचा कोपरा आईला धरायला लावला, शेजारी झलकेतलं चित्र जोडलं आणि गटावर टाकलं. खाली लिहिलं, 'कंपाउंडर खुनी. वाटूरच्या टेलरकडून पक्की खबर.' टेलरकडून नव्हती, गोधडीकडून होती. पण गोधडीकडून पक्की खबर असं लिहिलं तर कोण विश्वास ठेवणार?

दोन दिवसांत ते चित्र आमच्या गटातून निघून कुठल्या कुठे गेलं. त्या मालिकेची वाट बघणाऱ्या हजारो लोकांनी माझ्या आईची बोटं पाहिली. मला कोण आनंद झाला होता. आप्पांच्या हॉटेलात मी दोन वेळा ती हकीकत सांगितली, दुसऱ्या वेळी जरा वाढवून.

तिसऱ्या वेळी सांगायच्या बेतात होतो तेव्हा मास्टर माझ्या दुकानात आले. सहा वर्षांत पहिल्यांदा. फवारणीच्या पंपांमध्ये उभे राहिले.

"गोधडी तुह्या आईची?"

"हो."

"ऊब देती का चांगली?"

"देते की."

"बरं," म्हणाले आणि गेले.

तेव्हा मला कळलं की काहीतरी चुकलं. माफी मागावी म्हणून मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो, तर त्यांचा मोबाईल वाजला. हात कामात असायचे म्हणून ते नेहमी फोनचा आवाज मोठा करून मशीनवर ठेवत. पलीकडे कपडेपटाचे साहेब होते.

"मास्टर, कातरण जाळलं होतं ना तुम्ही? मी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. कुणाला सांगायचं नाही, कातरण जाळायचं, लेबल लावायचं नाही."

मी मास्टरांपुढे मान वर-खाली हलवत होतो. हो म्हणा, हो म्हणा. साहेब मुंबईत, गोधडी वाटूरला, कोण बघायला येतंय?

"न्हाई जाळलं," मास्टर म्हणाले.

"आणि लेबलं? सातही शर्टांना लावली होती तुम्ही. आम्हाला बसून उसवावी लागली."

"लावली. बिनलेबलाचा शर्ट माहा राहात न्हाई. अन् शर्ट माहा न्हाई तर नाव कशाचं द्यायले तुम्ही?"

मग साहेब जरा खालच्या आवाजात म्हणाले, "मास्टर, माणूस म्हणून मला कळतं. पण वरची मंडळी चिडलीत. यादीतून नाव काढलंय तुमचं. आणि आता कोणी काही विचारलं तर काही बोलू नका. बातमी खरी आहे असं म्हणायचं नाही, खोटी आहे असंही म्हणायचं नाही."

"ते काय सांगायला लागतंय. तोंडाचा शब्द देल्ता, तो हाये."

फोन बंद झाला. मी म्हणालो, "मास्टर, माझ्यामुळं..."

"साहेब," मास्टर म्हणाले, "दुकानात गिऱ्हाईक असंल तुमच्या."

साहेब! मी त्या दिवसापासून साडेपंधराचा साहेब झालो. बढती झालेला माणूस इतका पडलेला चेहरा घेऊन घरी येताना बायकोनं कधी पाहिला नसेल. "तुम्हाला कुणी सांगितल्तं गोधडीचा फोटू काढायला?" ती म्हणाली. आईनं आठवडाभर ती गोधडी पांघरली नाही.

मालिका लागली. तेरा आठवडे. सोमवारची दुपार भरायची, पण मास्टर बोलत नव्हते. कुणाच्या बाहीवर नाही, कुणाच्या खिशावर नाही. नुसते बघायचे. कंपाउंडर दर भागात जास्त जास्त संशयास्पद वागायचा आणि लोक माझी पाठ थोपटायचे. काहीजण मास्टरांना टोमणे मारायचे. "आमाला जबान, जबान म्हणले अन् गोधडीत घालून बाजारात मांडलं." कुणी तर तोंडावर म्हणालं, की नावासाठी मास्टरांनीच मुद्दाम फोडलं. मास्टर काज तपासत राहायचे. नाव आता येणार नाही, हेही त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ते मला एकट्याला माहीत होतं आणि मी आयुष्यात प्रथमच कुठलीतरी गोष्ट पोटात ठेवून होतो.

शेवटच्या भागाच्या सोमवारी थंडी होती. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. परतूरहून मास्टरांची लेक आली होती, सोबत सासूबाई, हातात पेढ्यांचा पुडा. कालचा भाग त्यांनी मुद्दाम बघितला नव्हता. "बाबाच्या दुकानातच बघायचं ठरवल्तं," ती म्हणाली. बघितलेल्यांना आप्पांनी बाहेर पायरीवर बसवलं होतं. मीही बघितला नव्हता, हिंमत झाली नव्हती. मी मास्टरांच्या जवळ सरकलो आणि हळूच म्हणालो, "मास्टर, त्यांना सांगून टाकू का आधी? पेढे आणलेत हो."

"गप," मास्टर म्हणाले. "ह्या बारीला तरी गप."

भाग सुरू झाला. शेवटाकडे कुणीतरी तपास करणाऱ्या फौजदारीण बाईंना नदीत ढकललं आणि कंपाउंडरनं काठावरून उडी मारली. तिला वाचवायला! पाण्यात नावाडी त्याच्या छातीला झोंबला, शर्टाचं दुसरं बटण तुटलं, आणि नंतर ते बटण नावाड्याच्या मुठीत सापडलं. खुनी नावाडी. कंपाउंडर साधा भला माणूस होता, फक्त घाबरट होता. सात शर्ट रक्तासाठी नव्हते, पाण्यासाठी होते. प्रत्येक वेळी उडी मारायची म्हणजे प्रत्येक वेळी कोरडा शर्ट लागतो. एवढी साधी गोष्ट. आप्पांनी माझ्याकडे वळून बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. बियाणं वीक, असं कुणी म्हणालं नाही, पण मला ऐकू आलं.

आणि मग पडद्यावर चौकी. फौजदारीण बाईंनी तो ओला हिरवा शर्ट टेबलावर पसरला, बटणाची जागा तपासली आणि कॉलर उलटली. दोन-तीन सेकंद, जास्त नाही. कॉलरीच्या आत काही नव्हतं. मास्टर उभे राहिले. हातातल्या लाकडी पट्टीनं त्यांनी काचेवर टकटक केलं.

"तिथं बघ. कोपऱ्यात."

"काय बाबा? नाव कुठंय?"

"नाव उसवलंय. टाके न्हाई निघाले त्यांच्यानं."

मी पुढे वाकलो. हिरव्या कॉलरीवर पांढऱ्या दोऱ्याचे चार ठिपके, एका रिकाम्या चौकटीच्या चार कोपऱ्यांना. लेक टीव्हीच्या इतकी जवळ गेली की नाक काचेला लागलं असतं. "चौथा तिरका हाय!" ती ओरडली. "आत्याबाई, चौथा तिरका हाय बघा!"

"काय तिरकं?" सासूबाईंना काही कळेना.

"बाबाचा टाका. मी ल्हानपणी रोज भांडायचे, सरळ घाला म्हणून. दातानं तोडतेत न्हाई का, मंग तिरका येतो. बाबाचाच हाय तो!"

मास्टर खाली बसले. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. "रंग उतरला त्याचा," ते म्हणाले. "म्या सांगितल्तं, आधी कापड पाण्यातून काढून घ्या. कोण ऐकतंय."

मग पाट्या सुरू झाल्या, बारीक अक्षरांत, खालून वर. नेमकी त्याच वेळी लेक पुडा फोडून टीव्हीच्या पुढ्यात उभी राहिली आणि एकेकाच्या हातावर पेढा ठेवत राहिली. तिला ओलांडून कुणाला एक अक्षर दिसलं नाही. पाट्या संपल्या, तेव्हा ती बाजूला झाली. ती मुद्दाम उभी राहिली होती का, ते मला आजतागायत माहीत नाही. मी पेढा घेतला. मास्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही.

सगळे गेल्यावर मी तिथंच बाकावर घुटमळत राहिलो. "मास्टर, कंपाउंडर खुनी नाही, हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"छातीचं बटण ढिलं ठेवायला सांगितल्तं तेव्हाच कळल्तं. ज्याची छाती दुसरा धरतो, तो मारणारा नसतो."

"लोक तुम्हाला तेरा आठवडे बोलत होते. एकदा नुसतं 'साडेपंधरा चुकला' म्हणाला असता, तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. माझं हसं झालं असतं ते झालं असतं."

मास्टरांनी सुईत दोरा ओवला. दुसऱ्या प्रयत्नात ओवला गेला.

"न्हाई म्हणणं म्हंजे बी सांगणंच की," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी कापड घेऊन गेलो. निळं, सुती. ते मला साहेब म्हणणार म्हणून आधीच मान खाली घालून उभा होतो. त्यांनी टेप गळ्यात तशीच लोंबू दिली, दोन बोटं माझ्या कॉलरीत घातली आणि डोळे मिटले.

"सोळा," म्हणाले. "किती खाऊन राह्यलास रे? शुक्कारी ये."

शुक्रवारी शर्ट खुंटीला तयार लटकला होता. "उद्या ये." शनिवारी तो घेऊन मी थेट माझ्या दुकानात आलो, गिऱ्हाईक ताटकळत ठेवलं आणि कॉलर उलटली. लेबल नव्हतं. निळ्या कॉलरीवर पांढऱ्या दोऱ्याचे नुसते चार टाके.

मी तसाच परत गेलो. "मास्टर, लेबल?"

"पडद्यावरचं माहं नाव गेलं ना तुह्यापायी? मंग तुह्या कॉलरीतलं बी गेलं."

नंतर दोन वर्षांनी मी दुकान भोकरदनला हलवलं. तो शर्ट आता कोपरात विरलाय, बायकोनं दोनदा आक्कांसारख्या कुणाला तरी द्यायला काढला आणि मी दोनदा परत आणला. घातला की मानेला चार ठिकाणी टोचतो. चौथ्या ठिकाणी जरा जास्त.